लेकरांना नाताळाला नेलं, त्याचं उत्तर

परवापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. कुणी फोन करून विचारतं, कुणी चहाच्या टपरीवर गाठून विचारतं. "काऊन जी पत्रकार, लेकराइले चर्चमंदी नेलं म्हनते?"

हो, नेलं. २५ डिसेंबरला संध्याकाळी बायको आणि दोन्ही लेकरांना घेऊन मी नाताळच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा साडेचारचा. लाल टोपी घातलेल्या पोरीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो आपल्या गावच्या तीन-चार ग्रुपवर फिरला. एका ठिकाणी खाली लिहिलं होतं, "पत्रकारच असे वागायला लागले तर समाजाने कुणाकडे पाहायचं?"

राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण लिहिणारा माणूस ओळखीचा आहे. त्याच्या वडिलांच्या निधनाची बातमी मीच लिहिली होती. उद्या बाजारात समोर आला तर आम्ही दोघंही एकमेकांना नमस्कारच करणार. म्हणून ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे नीट लिहितो. थोडं लांब होईल. सवड असेल तेव्हा वाचा, पण अर्धं वाचून स्क्रीनशॉट काढू नका एवढी विनंती.

सुरुवात निमंत्रणापासून करतो.

एक काकाजी आहेत, जुन्या ओळखीचे. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. मॅंगनीजच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवली, आता निवृत्त होऊन तुमसरात मुलाकडे राहतात. रोज सकाळी पेपर घेतात आणि आधी शब्दकोडं सोडवतात. डिसेंबरच्या मध्यात ते सायकलवर घरी आले. हातात साधं छापलेलं कार्ड होतं. म्हणाले, "पंचवीस तारखेले संध्याकारी आमच्याकडं नाताळचा कार्यक्रम हाय. जेवन बी हाय. लेकराइले घेऊन या जी." आणि ते कार्ड त्यांनी माझ्या हातात न देता माझ्या पोरीच्या हातात दिलं.

आठ वर्षांच्या पोरीला तिच्या हातात कुणी निमंत्रण दिलं की विषय तिथेच संपतो. "पप्पा, जायचं ना?" रोज सुरू झालं. मी हो म्हणालो, पण आतून चाचरत होतो. का, ते पुढे सांगतो.

२५ डिसेंबर हा आपल्या भागातल्या पत्रकारासाठी धावपळीचा दिवस असतो. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, त्याचे कार्यक्रम असतात. अटलजींची जयंती असते. ती २०१४ पासून सुशासन दिन म्हणून साजरी होते, म्हणजे सरकारी कार्यालयांत कार्यक्रम. अलीकडे काही ठिकाणी तुळशीपूजनही याच दिवशी होतं. चार ठिकाणचे चार फोटो, चार बातम्या. हे सगळं एकाच गावात, एकाच दिवशी होतं आणि एकाचा मांडव दुसऱ्याच्या आड येत नाही. दिवसभर ही कामं उरकून संध्याकाळी सहाला घरी आलो, तर पोरं स्वेटर, कानटोपी घालून दारात उभी.

कार्यक्रम शहराच्या कडेला होता, जिथून धानाच्या बांध्या सुरू होतात. धान कापून, चुरून झालेलं. रिकाम्या बांध्यांवरून गार वारा येत होता. पत्र्याच्या छपराचं छोटंसं प्रार्थनागृह, पुढे अंगण, अंगणात शे-सव्वाशे खुर्च्या. वर चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील. त्यातले दोन साधेच होते, दिवाळीतलेच वापरलेले. एका बाजूला शेकोटी. म्हातारी माणसं तिथे, पोरं सगळीकडे.

माझी पोरं पहिल्यांदा थांबली ती गव्हाणीच्या देखाव्यापाशी. तणसाचं छप्पर, मातीच्या भिंती, आत बाळ येशू, मरिया, योसेफ. मेंढ्या कापसाच्या केलेल्या. आणि बाळाच्या उशाला एक लाकडी नंदी, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरू. माझा मुलगा ओरडलाच, "पप्पा, तान्ह्या पोळ्याचा बैल!"

होताच तो. तिथल्याच एका पोराने तान्ह्या पोळ्याला फिरवलेला नंदी आणून ठेवला होता. गोठा म्हटल्यावर बैल पाहिजे, आणि घरात बैल होता तो हा. माझ्या मुलीने विचारलं, "देवाचं बाळ गोठ्यात काऊन?" तिच्या आईने सांगितलं, त्यांना मुक्कामाला कुठे जागा मिळाली नव्हती. पोरगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "आपला कृष्ण जेलमध्ये, यांचा गोठ्यात." मला यावर काही भर घालायची गरज वाटली नाही.

मग गाणी झाली. पेटी, ढोलक, टाळ. माझी बायको गावाकडच्या भजनी मंडळातली. ती कानात म्हणाली, "हे तर भजनच आहे हो." चाल ओळखीची, भाषा आपली. आम्ही मात्र घरून निघताना इंग्रजी गाणी ऐकायला मिळतील अशी तयारी करून गेलो होतो. आपल्या डोक्यातला नाताळ सिनेमातला असतो, हे तिथे कळलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या रेल्वेलाइनची आहे. मराठीतली ख्रिस्ती भजनं ज्यांनी मोठ्या संख्येने लिहिली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातले. जन्म १८६१ चा. शाळेत आपण सगळ्यांनी त्यांची 'केवढे हे क्रौर्य' वाचली आहे. ते राजनांदगावला नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या आणि त्याने बायबलची प्रत हातात दिली. पुढे बराच अभ्यास, बराच झगडा करून १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. घरात केवढं वादळ झालं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया करतच जाते. म्हणजे ज्या रुळांवरून आपण नागपूरला दवाखान्यात आणि कोर्टात जातो, त्याच वाटेने हा माणूस गेला. आणि ख्रिस्ती होऊनही त्याने मराठी सोडली नाही, अभंग आणि ओवी सोडली नाही. बायकोला ढोलक-टाळात भजन ऐकू आलं ते काही उगाच नाही.

आणि मी ज्या धंद्यात आहे त्याबद्दलही एक. 'दर्पण' आपल्याला पाठ आहे, ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. पण त्यानंतर दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अहमदनगरला अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केलं. मराठी पत्रकारितेच्या जुन्या नावांत ते नाव आहे. पत्रकारितेची पदविका करताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ एवढा उशिरा, पत्र्याच्या छपराखाली बसून लागला.

भजनानंतर पोरांचं नाटुकलं. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. देवदूत येऊन बातमी सांगतो की बाळ जन्मलं. एक मेंढपाळ म्हणतो, खरं असेल का? तर दुसरा, जेमतेम दहा वर्षांचा पोट्टा, आपल्या खास बोलीत ओरडला, "चाल ना बे, जाऊन त पाहू!" सगळं अंगण हसलं. मी पण हसलो. पण मला ते जरा लागलं. त्याचं कारणही पुढे येतंय.

सांताक्लॉज आला तेव्हा माझा मुलगा आईच्या मागे लपून रडायला लागला. लाल कपडे, कापसाची दाढी, हातात घंटी. कुणीही घाबरेल. सांताने खाली बसून मुखवटा बाजूला केला. आमच्या घरचं फिटिंग करणारा इलेक्ट्रिशियन निघाला. "अरे, हे तर पंखेवाले काका!" म्हणून मुलगा जो त्याच्या मांडीवर बसला तो उतरेना. प्रत्येक पोराला एक पेन्सिल, एक खोडरबर आणि एक संत्रं मिळालं. लाल टोप्या वाटल्या. फिरवला गेलेला फोटो त्या वेळचा.

आता तुम्ही जे विचारता ते. तिथे काय सांगितलं? सांगतो. पास्टरनी दहा-बारा मिनिटं भाषण केलं. येशूच्या जन्माची गोष्ट, गरिबाघरी देव येतो असा त्याचा अर्थ, आणि मग प्रार्थना. प्रार्थनेत आजारी माणसं होती, परीक्षेला बसणारी पोरं होती आणि धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणारे शेतकरीही होते. आम्ही उभे राहिलो, हात जोडले. डोळे मिटले नाहीत, कारण मुलगा शेकोटीकडे पळत होता. कुणी आम्हाला काही घ्या म्हटलं नाही, काही सोडा म्हटलं नाही, कुठे सही करा म्हटलं नाही. त्यांनी आपल्या देवाचं कौतुक केलं, जसं आपण सत्यनारायणाला बोलावलेल्या पाहुण्यासमोर करतो.

मग पंगत. खाली पट्ट्या. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. सोबत घरोघरच्या करंज्या आणि शंकरपाळे. मटण नव्हतं. बोलावलेल्यांत काही माळकरी आहेत म्हणून सगळ्यांचंच जेवण साधं ठेवलं होतं, हे मला वाढणाऱ्या पोराकडून कळलं. जाहीर सांगितलं नव्हतं कुणी.

काकाजी माझ्या शेजारी बसले होते. आणि आता ते कारण.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री साडेनऊला मला फोन आला. अमुक वस्तीत एका घरात तीस-चाळीस लोक जमलेत, धर्मांतर चाललंय. पान सुटायची वेळ होती. मी पोलिसांत एक फोन केला. "माहिती घेतो" एवढं उत्तर मिळालं. ते घर माझ्या घरापासून मोटारसायकलने सात मिनिटांवर. मी गेलो नाही. थंडी होती, दिवसभर दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर गेलो असतो तर बातमी उरली नसती अशी एक शंका मनात होती. दुसऱ्या दिवशी दोन कॉलमात छापून आलं, "धर्मांतराच्या संशयाने खळबळ". खळबळ कुठेही नव्हती. ती बातमी आल्यावर झाली.

त्या घरात काकाजींच्या नातेवाइकाकडे बाळाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. जमलेले सगळे आधीपासूनच ख्रिस्ती, बहुतेक एकाच कुटुंबातले. चौकशीत काही निघालं नाही. पण तोवर घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलं होतं. तान्हं बाळ घेऊन ते जोडपं भर थंडीत दुसरी खोली शोधत फिरलं. अकरा दिवसांनी मी "चौकशीत काही निष्पन्न नाही" अशी चार ओळींची बातमी दिली. ती आतल्या पानावर, एका जाहिरातीच्या खाली आली. ग्रुपवर ती कुणी टाकली नाही. मीही नाही.

काकाजींनी या दोन वर्षांत त्यावर एक शब्द काढला नव्हता. पेपर घेत राहिले, शब्दकोडं सोडवत राहिले. पंगतीत मीच विषय काढला. म्हटलं, काकाजी, त्या वेळी माझी चूक झाली. ते भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी त्या रात्री आले असते ना जी, त चहा पिऊन गेले असते."

बस, एवढंच. पुढे त्यांनी माझ्या पानात बुंदी वाढायला सांगितली.

म्हणून ज्या मित्राने विचारलं की समाजाने पत्रकाराकडे कसं पाहायचं, त्याला माझं उत्तर हे आहे. नाताळाला गेलो त्या रात्रीबद्दल माझ्याकडे जरूर बोट दाखव. पण मी गेलो नव्हतो त्या रात्रीबद्दल आधी दाखव. माझ्या नोकरीतली खरी कसूर ती आहे.

याचा अर्थ धर्मांतराचा प्रश्नच नाही, सगळं छान आहे, असं मी म्हणत नाही. फसवून, धाक दाखवून किंवा आमिष देऊन कुणी कुणाचा धर्म बदलत असेल तर ते चूकच आहे. तक्रार करा, पुरावा द्या, पोलिसांनी तपास करावा, मी पहिल्या पानासाठी बातमी देईन. हा वाद आजचा नाही आणि बाहेरचाही नाही. आपला भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्या सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला आणि मिशनऱ्यांच्या पद्धतींवर कडक टीका केली. तो अहवाल आजही दोन्ही बाजूंनी वादात ओढला जातो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा धम्म स्वीकारणाऱ्यांत हे नियोगीही होते. धर्मांतराच्या पद्धतींवर कठोर अहवाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाने स्वतः विचार करून आपला धर्म बदलला. मला यात विसंगती दिसत नाही. फसवणूक वेगळी आणि माणसाने आपल्या बुद्धीने घेतलेला निर्णय वेगळा, हा फरक त्या माणसाला कळत होता. आपल्या संविधानाचं २५ वं कलम हाच फरक सांभाळतं. प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, आणि ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. ज्या विदर्भात दीक्षाभूमी आहे, तिथल्या माणसाला हे नव्याने शिकवायला नको.

आणि मी ज्या संध्याकाळबद्दल लिहितोय तिथे तर धर्म बदलायचा विषयच नव्हता. तिथे एका घराने दुसऱ्या घराला जेवायला बोलावलं होतं.

आजूबाजूला काय चाललंय तेही पाहा. शेजारच्या मध्यप्रदेशात, शाजापूर जिल्ह्यात, डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना आदेश काढला होता. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना नाताळच्या कार्यक्रमात सांताक्लॉज वगैरे बनवायचं नाही, नाहीतर कारवाई. आता, पालकांना विचारावं, यात मला काही गैर वाटत नाही. माझ्या पोरीला शाळेत कसल्याही कार्यक्रमात उभं करायचं तर मला विचारलेलं आवडेल. पण मग तो नियम सगळ्याच कार्यक्रमांना लावा. बारा महिन्यांत एकाच सणासाठी लेखी परवानगी लागत असेल तर पोरं त्यातून एवढंच शिकतात की या एका सणात काहीतरी धोका आहे. नियम पालकांसाठी काढला म्हणतात, पण धडा पोरांना मिळतो.

आणि २४ डिसेंबर २०२५ ला तर, आपल्याच रेल्वेमार्गावरच्या रायपुरात, बंदच्या दिवशी जमावाने एका मॉलमध्ये शिरून नाताळची सजावट तोडली. बंद कशासाठी होता, त्यामागचा वाद काय, ते वेगळं. पण सजावटीचं झाड आणि पुठ्ठ्याचा सांता तोडून कुणाचा धर्म वाचला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा बायकोने मला हळूच विचारलं, "लेकरांना घेऊन जायला काही भीती तर नाही ना?" तुमसरात हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. रायपूर इथून कितीही दूर असो, ती बातमी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती. मला खरी काळजी या प्रश्नाची आहे.

कारण आपण असे नव्हतो. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. मंडईच्या दिवशी गावात काय असतं? प्रत्येक घरी पाहुणे. दंडार, रात्रीचं नाटक, आणि गावाबाहेरचा अनोळखी माणूस दारात आला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पाहुण्याची जात, धर्म विचारून आपण पान वाढत नाही. ज्या घरी पाहुणे आले नाहीत त्या घरच्या बाईला वाईट वाटतं. काकाजींनी वेगळं काय केलं? त्यांची मंडई २५ तारखेला होती, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नव्हते. आपल्या गावात तर बोटांवर मोजावीत एवढी घरं. एवढ्या कमी माणसांनी दार उघडं ठेवायला हिंमत लागते. त्या दारातून शेजारी आत गेले तर दार उघडं राहतं. गेले नाहीत तर पुढच्या वर्षी ते आकाशकंदील अंगणात न लावता आत लावतील, भजनाचा आवाज कमी करतील, कार्ड वाटणार नाहीत. मग आपणच म्हणू, "हे लोक बंद दाराआड काय करतात?" आणि कुणीतरी रात्री साडेनऊला पत्रकाराला फोन करेल.

माझा धर्म मी सोडलेला नाही, हे मला लिहावं लागतंय याचीच लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आईने नेहमीप्रमाणे तुळशीला पाणी घातलं. तिच्या नातीने तिला रात्रीची सगळी गोष्ट सांगितली. आईने एकच विचारलं, "जेवाले काय होतं?" सत्तरी पार केलेल्या, रोज पूजा करणाऱ्या बाईला जे कळतं ते ग्रुपवरच्या पदवीधरांना का कळू नये?

आता तीन गोष्टी, आणि थांबतो.

पहिली माझ्यासाठी आणि माझ्या पत्रकार मित्रांसाठी. अशा घराबद्दल फोन आला तर आधी जायचं. सात मिनिटं लागोत की सत्तर. दार वाजवायचं, नाव सांगायचं, विचारायचं. पान सुटलं तर सुटू द्या. बातमी उद्याही छापता येते, सोडायला लावलेली खोली परत मिळत नाही. आणि बातमी चुकली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात मागायची. संपादक देतील न देतील, मागणं आपलं काम आहे. माझी जुनी दुरुस्ती दोन वर्षं उशिरा का होईना, आज इथे झाली असं समजा.

दुसरी ग्रुप चालवणाऱ्यांसाठी. आठ वर्षांच्या पोरीचा फोटो तिच्या आई-बापाला न विचारता फिरवू नका. तिने टोपी घातली होती, गुन्हा केला नव्हता. माझ्यावर राग असेल तर माझा फोटो टाका, भरपूर आहेत.

तिसरी आई-बापांसाठी. कुणी लेकराच्या हातात निमंत्रण दिलं, मग ते ईदचं असो, बुद्धजयंतीचं, गुरुपौर्णिमेचं की नाताळचं, तर जमलं तर जा. काही सोडावं लागत नाही. कानटोपी आठवणीने न्या, थंडी फार असते. आणि शेकोटीजवळ पोरांवर लक्ष ठेवा.

१४ जानेवारीला संक्रांत आहे. काकाजींच्या घरी तिळगुळाचं सांगून आलो, त्यांच्या नातीला हळदीकुंकवाचं वाण आणायला आपल्या आईसोबत यायचंय. परवा रात्री झोपताना मुलाने विचारलं, "पप्पा, पुढच्या वर्षी माझा नंदी पण तिथं ठेवायचा का? एकाच बैलाने गाडी कशी चालेल?"

मी म्हटलं, तुझा आहे, तूच ठरव. तो तेव्हापासून शिंगांना नवा रंग मागतोय.